व्यायाम, वजन उतरवणे आणि उतरलेले वजन टिकवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन आणि व्यायाम यांच्या नात्याविषयी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत शंका आणि नंतर अडचणीचे, अपवादाचे प्रश्न असा क्रम ठेवला आहे. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर उत्तर दुसरीकडे आले असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कॅलरीचे आकडे आहाराच्या वेष्टनावर असतात त्याच एककात, म्हणजे किलोकॅलरीत आहेत. हृदयविकार, मधुमेह, सांधेदुखी किंवा गर्भारपण असल्यास प्रश्न १४ ते १७ आधी वाचावेत.

१. आहारात काहीही बदल न करता नुसत्या व्यायामाने वजन उतरते का?

उतरते, परंतु बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा कमी आणि सावकाश. शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. सत्तर किलो वजनाची व्यक्ती ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर चालली, तर सुमारे २५० कॅलरी खर्च होतात. मात्र त्यांतल्या सुमारे ७० ती नुसती बसून राहिली असती तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे खरी जादा भर १७५ ते १८० कॅलरींची. या हिशेबाने रोज तासभर चालूनही एक किलो चरबी कमी होण्यास सहा आठवड्यांहून अधिक काळ लागतो, आणि तोही बाकी सर्व काही तसेच राहिले तर.

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जादा वजनाच्या तरुण प्रौढांकडून आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येक वेळी ४०० किंवा ६०० कॅलरी खर्च होतील इतका व्यायाम दहा महिने देखरेखीखाली करून घेण्यात आला. पहिल्या गटाचे वजन सरासरी ३.९ किलो आणि दुसऱ्याचे ५.२ किलो उतरले. हे यश खरे आहे, पण त्यामागचे कष्ट पाहता ते माफकच म्हणावे लागेल.

२. मग आहार महत्त्वाचा की व्यायाम?

वजन उतरवण्याच्या टप्प्यात आहाराचा वाटा मोठा असतो आणि उतरलेले वजन टिकवण्याच्या टप्प्यात व्यायामाचा. या विषयातला सर्वाधिक गोंधळ हे दोन टप्पे एकत्र पाहिल्याने होतो. दिवसाच्या आहारातून ५०० कॅलरी कमी करणे कठीण असले तरी शक्य असते. तेवढ्याच कॅलरी रोज जादा चालून खर्च करायच्या, तर जवळजवळ तीन तास लागतील. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत काट्यावर दिसणारा फरक मुख्यतः ताटातून येतो. परंतु कमी खाण्याचा तोच निर्बंध वर्षानुवर्षे पाळणे फार थोड्यांना जमते, आणि तेथे व्यायामाचे काम सुरू होते (प्रश्न ६ आणि ७).

म्हणून व्यायाम पहिल्या दिवसापासून सुरू करावा, परंतु त्याच्याकडून पहिल्या महिन्यात किलोंची अपेक्षा करू नये. त्या काळात तो अंगवळणी पडला, तरी पुष्कळ झाले. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात (२००२) ३,२३४ जणांचा सहभाग होता. त्यातील एका गटाला वजन सात टक्के उतरवणे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल करणे ही दोन्ही उद्दिष्टे एकदम दिली होती. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती.

३. आठवड्यातून किती वेळ आणि किती जोराचा व्यायाम करावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचे व्यायाम द्यावेत. ही शिफारस एकूण आरोग्यासाठी आहे. केवळ वजनाचा विचार केला, तर अमेरिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २००९ साली मांडलेली विभागणी अधिक उपयोगी पडते : आठवड्याला १५० ते २५० मिनिटांनी वजन वाढण्यास आळा बसतो, पण ते फारसे उतरत नाही, लक्षणीय घट हवी असेल तर २५० मिनिटांच्या पुढे जावे लागते.

मध्यम जोर ओळखण्याची सोपी खूण अशी की बोलता येते, पण गाता येत नाही. जोरकस व्यायामात दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. एका वेळी किमान दहा मिनिटे व्यायाम झालाच पाहिजे ही जुनी अट आता राहिलेली नाही. दिवसभरात विखुरलेली मिनिटेही धरली जातात.

४. मी रोज तासभर व्यायाम करते, खाणेही वाढवलेले नाही, तरी काटा जागचा हलत नाही. असे का?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्या व्यक्ती बहुधा प्रामाणिक असतात. त्यामागे एकच कारण क्वचितच असते.

पहिले कारण खाण्याचे. व्यायामाच्या दिवशी एखादा घास जास्त जातो, आणि १८० कॅलरी भरून निघण्यास एखादा लहानसा गोड पदार्थही पुरतो. दुसरे कारण उरलेल्या दिवसाचे. सकाळी दमछाक झाली की माणूस नकळत अधिक बसतो, जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, लहानसहान कामे दुसऱ्याकडे सोपवतो. तिसरे कारण गणिताचे : शरीर हलके होत जाते तसा त्याच अंतराला लागणारा खर्चही घटतो.

चौथे कारण अधिक खोलवरचे आहे. टांझानियातील हाडझा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक दिवसभर खूप चालतात. हर्मन पाँटझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा शरीराचा आकार लक्षात घेता तो शहरी, बैठ्या समाजांतील लोकांहून फारसा वेगळा निघाला नाही. यावरून पुढे असा विचार मांडला गेला की हालचाल वाढल्यावर शरीर इतर अंतर्गत कामांवरचा खर्च काही प्रमाणात आवरते आणि एकूण खर्च ठरावीक मर्यादेत ठेवू पाहते. ही भरपाई किती होते याविषयी संशोधकांत मतभेद आहेत, आणि ती सर्वांत सारखी नसते. मात्र घड्याळाने दाखवलेली प्रत्येक कॅलरी वजनातून वजा होईल, हा हिशेब बरोबर नाही, एवढे निश्चित.

यावर उपाय म्हणजे एक-दोन आठवडे खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी, दिवसभराच्या पावलांकडे लक्ष द्यावे आणि कंबरेचा घेर मोजावा. काटा स्थिर असताना घेर कमी होत असेल, तर व्यायाम आपले काम करतो आहे (प्रश्न १०).

५. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन उलट वाढले. थांबवू का?

थांबवू नका. नव्याने काम पडलेले स्नायू स्वतःमध्ये ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधन म्हणून राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा वाढवतात, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. स्नायूंना सूक्ष्म इजा होऊन ते दुरुस्त होत असतानाही तेथे पाणी साचते. ही वाढ पाण्याची असते, चरबीची नव्हे. रोजच्या वजनाऐवजी आठवड्याची सरासरी पाहावी. स्त्रियांनी मासिक पाळीच्या त्याच टप्प्यातील वजनांची तुलना करावी.

६. कष्टाने उतरवलेले वजन पुन्हा का चढते? माझी इच्छाशक्तीच कमी पडते का?

इच्छाशक्तीला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण वजन उतरले की शरीर ते परत मिळवण्याच्या बाजूने झुकते. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांच्या गणितानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाचा ऊर्जाखर्च सुमारे २० ते ३० कॅलरींनी घटतो, तर भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाला रोज पूर्वीपेक्षा हजार कॅलरींइतकी जास्त भूक लागत असेल आणि त्याच वेळी त्याची गरज दोनशे-तीनशे कॅलरींनी कमी झालेली असेल, तर तो किती मोठ्या ओढीशी झगडतो आहे याची कल्पना येईल.

याच संशोधकांनी वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास केला. सहा वर्षांनंतरही त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च त्यांच्या आकाराच्या मानाने अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता, आणि बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते. त्यांनी भरमसाट वेगाने वजन उतरवले होते, त्यामुळे हा आकडा सर्वांना तसाच लागू होत नाही. मात्र दिशा तीच असते.

७. उतरलेले वजन टिकवण्यासाठी व्यायामाचा खरोखर किती उपयोग होतो?

व्यायामाची खरी ताकद येथे दिसते. वर उल्लेखलेल्या स्पर्धकांतील ज्यांनी वजन चांगल्यापैकी टिकवले, त्यांची शारीरिक हालचाल स्पर्धेपूर्वीच्या तुलनेत १६० टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांचे वजन परत आले त्यांची केवळ ३४ टक्क्यांनी. खाण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत विशेष फरक आढळला नाही.

अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वजन नियंत्रण नोंदवहीत किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर किंवा अधिक काळ टिकवलेल्या व्यक्तींची माहिती जमवली जाते. त्यांतील बहुसंख्य लोक दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि त्यांचा सर्वांत आवडता व्यायाम चालणे हा आहे. हे लोक स्वतःहून नोंदवहीत आलेले आहेत, म्हणून केवळ त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. डेन्मार्कमधील प्रयोगाला म्हणूनच महत्त्व आहे. त्यात आठ आठवड्यांच्या अत्यल्प कॅलरींच्या आहाराने सरासरी १३.१ किलो वजन उतरवलेल्या १९५ जणांची चार गटांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली : व्यायाम, लिराग्लुटाइड हे औषध, दोन्ही, आणि दोन्हींपैकी काहीच नाही. वर्षअखेर दोन्ही घेणाऱ्या गटाची स्थिती सर्वांत चांगली होती, आणि केवळ व्यायाम करणाऱ्यांनीही काहीच न करणाऱ्यांपेक्षा वजन चांगले राखले.

व्यवहारात आठवड्याला २०० ते ३०० मिनिटांचे लक्ष्य धरावे. आकडा पाहून घाबरू नये, कारण तो हळूहळू गाठायचा आहे. निवड करताना मात्र एकच कसोटी लावावी असे आम्ही आग्रहाने सुचवतो : हा व्यायाम पाच वर्षांनीही मी करत असेन का? उत्तर नकारार्थी असेल, तर तो कितीही कॅलरी जाळो, वजन टिकवण्याच्या कामाचा नाही.

८. चालणे पुरेसे आहे का? रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत का?

दम किंचित वाढेल अशा वेगाने चालणे बहुतेकांना पुरेसे आहे, मात्र ताकदीच्या व्यायामाची जागा ते घेऊ शकत नाही (प्रश्न ९). दहा हजारांचा आकडा संशोधनातून आलेला नाही; १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. आपण सध्या चार हजार चालत असाल, तर सहा हजार ही खरी प्रगती आहे.

व्यायामाव्यतिरिक्तच्या हालचालींनाही कमी लेखू नये. जेम्स लेव्हिन यांनी १९९९ साली १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. त्यांची चरबी ०.३६ किलोपासून ४.२३ किलोपर्यंत इतक्या वेगवेगळ्या प्रमाणात वाढली, आणि हा फरक प्रामुख्याने उठबस, उभे राहणे, चुळबुळ अशा बारीकसारीक हालचालींमुळे पडला.

९. वजने उचलल्याने स्नायू वाढतात आणि मग बसल्या जागी चरबी जळते, हे खरे आहे का?

या दाव्यात अतिशयोक्ती बरीच आहे. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ कॅलरी वापरतो, एक किलो चरबी साडेचार. काही महिन्यांच्या मेहनतीने दोन किलो स्नायू कमावले, तरी रोजचा खर्च पंचवीसेक कॅलरींनीच वाढतो.

असे असूनही ताकदीचे व्यायाम टाळू नयेत, कारण त्यांचे मोल दुसरीकडे आहे. केवळ कमी खाऊन वजन उतरवले तर घटलेल्या किलोंमध्ये साधारण पाव वाटा चरबीव्यतिरिक्तच्या ऊतींचा असतो, आणि त्यात स्नायूही आले. ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांमुळे ही झीज आटोक्यात राहते. बैठका, भिंतीला हात टेकून काढलेले जोर, रबरी पट्टे किंवा हातवजने यांपैकी काहीही चालते. आठवड्यातून दोन दिवस पुरतात. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना कष्ट पडले पाहिजेत. स्त्रियांचे शरीर यामुळे पिळदार आणि अवजड दिसू लागते ही भीती निराधार आहे.

१०. फक्त पोटाची चरबी कमी करण्यासाठी कोणता व्यायाम करावा?

ज्या भागाचा व्यायाम त्याच भागाची चरबी घटेल, असे शरीरात घडत नाही. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात. वरची चरबी मात्र संपूर्ण शरीरातून, प्रत्येकाच्या जनुकीय ठेवणीनुसार कमी होते. दिलासा देणारी गोष्ट अशी की यकृत आणि आतड्यांभोवती साठणारी, आरोग्याला सर्वाधिक घातक असलेली चरबी नियमित चालण्या-धावण्यासारख्या व्यायामाने कमी होते, आणि वजन जवळजवळ तेवढेच असतानाही हे घडू शकते.

११. रिकाम्या पोटी व्यायाम, भरपूर घाम, थोड्या वेळाचा अतिजोरकस व्यायाम : यांनी चरबी लवकर जळते का?

रिकाम्या पोटी व्यायाम करताना चरबीचा इंधन म्हणून वापर वाढतो, पण दिवसभराचे खाणे सारखे असेल तर अंतिम फरक पडत नाही. घामाने फक्त पाणी जाते आणि ते प्यायल्यावर परत येते. घाम यावा म्हणून अंगाला प्लास्टिक गुंडाळणे धोक्याचे आहे. अधूनमधून अतिजोरकस व्यायामाने वेळ वाचतो आणि दमसास चांगला वाढतो, मात्र चरबी घटण्याच्या बाबतीत तो मध्यम व्यायामाच्या बरोबरीचाच ठरतो.

१२. मनगटावरच्या घड्याळाने ६०० कॅलरी दाखवल्या, तर तेवढे जास्त खाऊ का?

नको. २०१७ साली अशा सात उपकरणांची तपासणी झाली. हृदयाचे ठोके त्यांतील सहा उपकरणांनी बऱ्यापैकी अचूक मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. स्वतःच्या एका आठवड्याची दुसऱ्याशी तुलना करण्यासाठी घड्याळ उपयोगी आहे.

१३. व्यायामाने भूक वाढते, मग तो न केलेलाच बरा नाही का?

व्यायामाने भूक प्रत्येकाची वाढतेच असे नाही. जोरकस व्यायामानंतर काही काळ ती मंदावतेदेखील. १९५६ साली जीन मेयर यांनी बंगालमधील एका ताग गिरणीतील कामगारांची पाहणी केली, तेव्हा हलकी ते जड कामे करणाऱ्यांचे खाणे श्रमांप्रमाणे वाढत गेलेले दिसले. अगदी बैठे काम करणारे मात्र गरजेहून अधिक खात होते आणि त्यांची वजनेही जास्त होती. अत्यंत कमी हालचालीत भुकेचा अंदाज चुकतो, असा याचा अर्थ लावला जातो. ज्यांना व्यायामानंतर खरोखर खूप भूक लागते, त्यांनी व्यायाम जेवणाच्या थोडा आधी ठेवून पाहावा, म्हणजे मधले खाणे टळते.

१४. गुडघे दुखतात. वजन उतरल्याशिवाय व्यायाम करता येत नाही आणि व्यायामाशिवाय वजन उतरत नाही. काय करावे?

या पेचातून सुटण्याची वाट आहाराकडून सुरू होते. गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांत उतरलेल्या प्रत्येक किलोमागे पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे मोजमापांतून दिसले आहे. म्हणजे थोडे वजन उतरले तरी आराम जाणवू शकतो. दरम्यान पोहणे, पाण्यात चालणे, स्थिर सायकल आणि बसून करायचे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करावेत. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढत राहिले किंवा सांधा सुजला, तर प्रमाण कमी करून डॉक्टरांना किंवा भौतिकोपचारतज्ज्ञांना दाखवावे.

१५. मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे. व्यायामाने साखर एकदम उतरेल का?

उतरू शकते, आणि काही वेळा ती व्यायामानंतर कित्येक तासांनी किंवा रात्री झोपेत उतरते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाचे प्रमाण वाढवण्यापूर्वी मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे, व्यायामाच्या आधी आणि नंतर साखर तपासावी आणि पटकन शोषली जाणारी साखर जवळ ठेवावी. छातीत दाब, अनपेक्षित धाप किंवा भोवळ आल्यास कोणीही, मधुमेह असो वा नसो, व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

१६. थायरॉइड, पीसीओएस (स्त्रियांच्या अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा विकार) किंवा काही औषधांमुळे वजन वाढले असेल, तर व्यायामाचा उपयोग होईल का?

उपयोग होतो, पण मूळ कारणाचा उपचार आधी व्हायला हवा. थायरॉइडची कमतरता औषधाने भरून निघाली की व्यायामाला लागणारी शक्तीही परत येते. पीसीओएसमध्ये व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुधारतो, मग वजन फारसे न उतरले तरीही. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरील काही औषधे वजन वाढवतात; ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, पर्यायाविषयी डॉक्टरांना विचारावे. वजन उतरवणारी इंजेक्शने घेणाऱ्यांसाठी प्रश्न ७ मधील डेन्मार्कचा प्रयोग आणि प्रश्न ९ मधील स्नायूंचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे : औषध बंद केल्यानंतरच्या वर्षात, औषधासोबत व्यायाम केलेल्यांचे वजन नुसते औषध घेतलेल्यांपेक्षा कमी परतले.

१७. गर्भारपणात, बाळंतपणानंतर किंवा उतारवयात हेच नियम लागू होतात का?

गर्भारपणात वजन उतरवणे हे उद्दिष्टच ठेवू नये. गुंतागुंत नसल्यास डॉक्टरांच्या संमतीने आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुरक्षित असतो आणि त्याने वजन अवाजवी वाढत नाही. बाळंतपणानंतर, विशेषतः शस्त्रक्रिया झाली असल्यास, परवानगी मिळेपर्यंत थांबावे आणि चालण्यापासून सुरुवात करावी. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. या वयात स्नायू गमावून वजन उतरवणे हे जादा वजनाइतकेच नुकसान करू शकते, म्हणून ताकदीच्या व्यायामाशिवाय आहार कमी करू नये.

१८. आजारपणामुळे महिनाभर व्यायाम बंद पडला. सगळे वाया गेले का?

नाही. दमसास काही आठवड्यांत घटतो, ताकद त्याहून सावकाश कमी होते, आणि दोन्ही पहिल्यापेक्षा लवकर परत येतात. पूर्वीच्या निम्म्या प्रमाणाने सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत मूळ पातळीवर यावे. बंद पडलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट व्यायाम करू नये, कारण दुखापती बहुधा अशा वेळीच होतात.

१९. सहा महिने नियमित व्यायाम करूनही वजन उतरले नाही. सोडून दिला तर काय बिघडेल?

बरेच बिघडेल. रक्तदाब, रक्तातील साखर, यकृतातील चरबी, झोप आणि मनःस्थिती यांवर व्यायामाचे जे चांगले परिणाम होतात, त्यांचा मोठा भाग वजनावर अवलंबून नसतो. शिवाय वय वाढते तसे वजन हळूहळू वाढत जाणे ही सर्वसाधारण प्रवृत्ती आहे. सहा महिने ते स्थिर राहिले असेल, तर त्यामागेही हा व्यायाम असू शकतो. व्यायाम चालू ठेवून आहाराकडे नव्याने पाहावे (प्रश्न ४).

२०. वजन हवे तितके उतरले आहे, पण एक दिवस व्यायाम चुकला तरी अपराधी वाटते आणि त्या दिवशी मी जेवण टाळते. हे ठीक आहे का?

हे ठीक नाही, आणि आपण हे विचारले ते फार चांगले केले. खाल्लेल्याची शिक्षा म्हणून व्यायाम करणे, दुखापत किंवा ताप असतानाही तो न सोडणे, व्यायामासाठी माणसांना टाळणे, मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, सतत थंडी वाजणे, हाडांना बारीक तडे जाणे ही ऊर्जा कमी पडत असल्याची आणि काही वेळा खाण्याच्या विकाराची लक्षणे आहेत. अशा वेळी काट्यावरचा आकडा कितीही योग्य दिसत असला, तरी वजन उतरवण्याचे सर्व प्रयत्न थांबवून डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ओळखीच्या कोणाबाबत ही शंका आली, तर तिच्या किंवा त्याच्या वजनाची स्तुती किंवा टीका न करता झोप, थकवा आणि जेवणाविषयी आपुलकीने विचारावे आणि पहिल्या भेटीला सोबत जाण्याची तयारी दाखवावी.